यातला नवा कुठला?

२०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस जुन्नरजवळच्या एका शेतावर आम्ही काहीजण चंद्र मावळायची वाट पाहत बसलो होतो. पावसाळा तोंडावर आलेला, हवा जड. दिवसभर तापलेल्या खळ्याची ऊब मध्यरात्रीही तळव्यांना लागत होती आणि बांधावरच्या झाडाखाली पडलेल्या पाडांचा आंबूस-गोड वास मधूनच येत होता. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद गुंडाळलेला, त्यामुळे सगळ्यांचे हात तेवढे तांबडे दिसत होते. मित्राची आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण सप्तर्षीच्या शेपटाकडे वळवलेली होती. तिथे वसिष्ठ आणि मरीची या दोन ताऱ्यांशी त्रिकोण करून एम-१०१ ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अवाढव्य समूह, बसली आहे, आणि तिच्यातला एक तारा फुटल्याचं जगाला नुकतंच कळलं होतं. नेत्रिकेला डोळा लावला तर दीर्घिका म्हणजे नुसता धुरकट डाग, तोही नजर जरा तिरपी केली तरच. डागाच्या कडेला एक बारीक, टोकदार ठिपका. दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवरून आलेला. सगळ्यांनी आळीपाळीने पाहिला, ‘वा’ म्हणून झालं. शेवटी मित्राची आई पुढे आल्या. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो. पदर खोचून त्या वाकल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, “ठिपके तर पाच-सहा दिसतायत. सगळे सारखेच. यातला नवा कुठला?”

मित्राने समजावून सांगितलं. त्यांना तो सापडला. “हो, पण हे तू सांगितलंस म्हणून,” त्या म्हणाल्या. “ज्याने पहिल्यांदा पाहिला, त्याला कुणी सांगितलं?”

हा प्रश्न मला चिकटला तो चिकटलाच.

कारण मावशींचं अगदी खरं होतं. त्या ठिपक्याच्या अंगावर नवेपणाची कुठलीही खूण नव्हती. शेजारचे ठिपके आपल्याच आकाशगंगेतले साधे तारे होते, काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले. हा त्यांच्यापेक्षा हजारो पट लांब होता, आणि तरी डोळ्याला फरक शून्य. नवा कोण हे कळायला जुने कोण ते आधी माहीत असावं लागतं. एम-१०१ मधला हा अतिनवतारा, म्हणजे फुटून एकदम उजळलेला तारा, १९ मे रोजी जपानमधल्या यामागाता प्रांतातल्या कोइची इतागाकी यांनी शोधला. ते हौशी निरीक्षक आहेत, आणि त्यांच्या नावावर दीडशेहून जास्त अतिनवतारे आहेत. त्यांना ‘कुणी सांगितलं’ याचं उत्तर द्यायचं तर असं द्यावं लागेल, की आदल्या सगळ्या रात्रींनी सांगितलं. पाहिलेल्या, काहीही न सापडलेल्या रात्रींनी.

एखाद्या मोठ्या दीर्घिकेत असा स्फोट ढोबळमानाने शंभर वर्षांत एक-दोनदा होतो. एम-१०१ त्या मानाने उदार. १९०९, १९५१, १९७०, २०११ आणि २०२३ अशी पाच वर्षं तिच्या खात्यात जमा आहेत. आपली आकाशगंगा मात्र १६०४ नंतर नुसत्या डोळ्यांना दिसेल असं काही दाखवायला तयार नाही, आणि तेव्हा दुर्बीण आकाशाकडे वळायलाही पाच वर्षं बाकी होती. म्हणजे एकाच दीर्घिकेकडे टक लावून बसलात तर आयुष्य सरेल. हजारो दीर्घिका पुन्हा पुन्हा पाहिल्या तर मात्र दर महिन्याला काहीतरी हाती लागेल. सगळ्या सर्वेक्षणांच्या मुळाशी हा एवढाच साधा हिशेब आहे. तो पहिल्यांदा मनावर घेतला खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी. वॉल्टर बाडे यांच्याबरोबर त्यांनी १९३४ साली मांडलं, की काही स्फोट काही काळ उजळून पुन्हा मंदावणाऱ्या नेहमीच्या नवताऱ्यांच्या जातीचेच नाहीत, त्यांत अख्खा तारा संपतो आणि मागे न्यूट्रॉनचा गोळा उरतो. न्यूट्रॉन सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती! मग पुरावा गोळा करायला झ्विकी कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या आपल्या संस्थेच्या गच्चीवर एक कॅमेरा घेऊन बसले आणि कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या थव्याचे फोटो काढत राहिले. हाती काही लागलं नाही. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच पालोमार पर्वतावर १८ इंची श्मिट दुर्बीण आली, एका फोटोत आकाशाचा भलामोठा तुकडा मावू लागला, आणि १९३७ पासून अतिनवतारे सापडू लागले. आयुष्यभरात शंभराहून अधिक. त्यांच्या तिरसट स्वभावाचे किस्से खगोलवाल्यांच्या गप्पांत पुष्कळ चालतात. मला मात्र गच्चीवरचे ते कोरे गेलेले फोटो जास्त आठवतात.

त्यानंतर ज्यांच्याबद्दल वाचून मी थक्क झाले, ते ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट इव्हान्स. पेशाने चर्चचे धर्मोपदेशक. घरच्या अंगणातली दहा इंची दुर्बीण, पुढे जरा मोठी, हीच काय ती सामग्री. ना कॅमेरा ना संगणक. हजाराहून जास्त दीर्घिका आणि प्रत्येकीच्या आसपास विखुरलेले तारे या माणसाला तोंडपाठ होते. दुर्बीण हाताने ढकलायची, दीर्घिका आली की क्षणभर पाहायचं, पुढची. देवघरातली समई रोजच्या जागेवरून बोटभर सरकली तरी घरात पाऊल टाकताच आईच्या ध्यानात येतं, तसं त्यांना कळायचं. १९८१ पासून त्यांनी निव्वळ डोळ्यांनी ४२ अतिनवतारे शोधले. १९८३ च्या जुलैत एम-८३ या दीर्घिकेत त्यांना जो सापडला, तो आधीच्या कुठल्याच साच्यात बसेना. त्याचा अभ्यास करता करता ‘आयबी’ नावाचा वेगळा प्रकारच मान्य करावा लागला, बाहेरचं हायड्रोजनचं आवरण आधीच गमावून बसलेल्या ताऱ्यांच्या स्फोटांचा. २०२२ मध्ये ते गेले. त्यांच्याबरोबर ते हजार नकाशेही गेले, हे वाचताना मला फार लागलं.

डोळ्यांची ही करामत फक्त हौशी लोकांपुरती होती असंही नाही. १९९० च्या सुमारास चिलीमध्ये मारिओ हामुई, होसे माझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालान-टोलोलो नावाचं सर्वेक्षण चालवलं. सेरो टोलोलोवर श्मिट दुर्बिणीने काचेच्या प्लेटांवर फोटो घ्यायचे आणि त्या प्लेटा सँटियागोला धाडायच्या. तिथे जुनी प्लेट आणि नवी प्लेट एका यंत्रात शेजारी ठेवून कुणीतरी डोळे ताणून बसायचं. यंत्र एकदा ही दाखवायचं, एकदा ती. स्थिर तारे स्थिर राहतात, नवा असेल तो लुकलुकतो. हे काम फार थकवणारं असणार. पण त्यातून जे ‘प्रकार १ए’चे तारे सापडले, त्यांच्यावरून एक फार मोलाची गोष्ट पक्की झाली. हे स्फोट श्वेत बटू ताऱ्यांचे, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्यांचे, असतात आणि जो स्फोट सावकाश मावळतो तो मुळात जास्त तेजस्वी असतो. मावळण्याचा वेग मोजला की खरं तेज कळतं, आणि खरं तेज कळलं की अंतर. पुढे १९९८ मध्ये दोन गटांनी खूप दूरचे १ए तारे मोजले आणि ते अपेक्षेपेक्षा फिके निघाले. विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वाढत चाललंय, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. २०११ चं भौतिकीचं नोबेल त्याबद्दलच. आपल्या जयंत नारळीकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अर्थ सहजासहजी मान्य केला नाही. दीर्घिकांमधल्या पोकळीत लोखंडाच्या सूक्ष्म सुयांसारखी धूळ असेल तरी तारे असेच फिके दिसतील, अशी मांडणी त्यांनी केली. जगाने ती स्वीकारली नाही. तरी पुण्यात बसून साऱ्या जगाला ‘थांबा, दुसरं काही कारण नाही ना?’ असं विचारणारा माणूस होता, याचा मला अभिमान आहे.

त्या दोन गटांनी शोधण्याची जी पद्धत बसवली, ती मावशींना सांगायला हवी होती असं मला नंतर सारखं वाटलं. अमावास्येनंतर लगेच हजारो अतिदूरच्या दीर्घिका असलेल्या पट्ट्यांचे फोटो घ्यायचे. साधारण तीन आठवडे थांबायचं. पुढच्या अमावास्येच्या जरासं आधी तेच पट्टे पुन्हा. मग संगणकावर नव्यातून जुना वजा करायचा. जे जसंच्या तसं आहे ते सगळं पुसून जातं. तारे, दीर्घिका, सगळं. जे नव्याने आलंय तेवढंच उरतं. वाचायला सोपं, पण दोन रात्रींची हवा कधीच सारखी नसते. एका रात्री तारे टाचणीच्या टोकाएवढे, दुसऱ्या रात्री पसरलेले. वजाबाकीआधी चांगला फोटो मुद्दाम धूसर करून वाईटाच्या पातळीवर आणावा लागतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं होतं. हे सगळं जमलं आणि शोध हा नशिबाचा खेळ राहिला नाही. पुढच्या अमावास्येला डझनभर अतिनवतारे नक्की सापडणार, असं आधीच सांगून मोठ्या दुर्बिणींवर वेळ मागता येऊ लागला.

पालोमारवर झ्विकींच्याच नावाचं सर्वेक्षण २०१८ पासून चालू आहे, झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी. १९४८ सालची ४८ इंची जुनी दुर्बीण, तिला बसवलेला नवा कॅमेरा. एका फोटोत पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र मावतील एवढं आकाश, आणि दोन-तीन रात्रींत उत्तरेचं सगळं आकाश पुन्हा एकदा पाहून होतं. हे आणि याच्या आधीचं सर्वेक्षण उभं केलं श्रीनिवास कुलकर्णी यांनी. त्यांचा जन्म कुरुंदवाडचा. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलेल्या कुणीही नदीपलीकडचं ते गाव पाहिलेलं असतं. कुरुंदवाडचा माणूस कॅलिफोर्नियात बसून अख्ख्या आकाशाची वजाबाकी मांडतो, यात मला आनंद होतो आणि तो मी लपवणार नाही. शिवाय या साखळीचा एक दुवा आपल्याकडे आहे. लडाखात हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर, ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून उभी केलेली, आपली आपण चालणारी. कॅलिफोर्नियात उजाडतं तेव्हा हानलेला रात्र असते. तिकडे नुकतंच काही उजळलं तर इथे लगेच त्याचा पाठलाग सुरू करता येतो. आम्ही शेतावरून पाहिलेल्या त्या ठिपक्याकडे त्या दिवसांत ही दुर्बीण आणि तिच्या शेजारची दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण, दोघीही रोखून पाहत होत्या.

पाठलागाची एवढी घाई का, हे मला रोसारिओच्या गोष्टीवरून कळलं. अर्जेंटिनातल्या या शहरात व्हिक्टर बुसो नावाचे एक कुलपं-किल्ल्यांचा व्यवसाय करणारे गृहस्थ राहतात. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री ते घराच्या गच्चीवर नवा कॅमेरा तपासून पाहत होते. डोक्यावर होती म्हणून एनजीसी ६१३ ही दीर्घिका निवडली. शहराच्या उजेडाने फोटो पांढरा पडू नये म्हणून एकेक फोटो थोड्या सेकंदांचाच. सुरुवातीच्या फोटोंत काही नाही. जरा वेळाने सर्पिल भुजेच्या टोकाशी एक ठिपका, आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तो आणखी ठळक. ताऱ्याच्या गाभ्यातून निघालेली धडक पृष्ठभाग फोडून बाहेर येते, तो क्षण होता तो. दृश्य प्रकाशात तोवर असा कुणालाच नीट मिळाला नव्हता. दुर्बिणींची एवढी मोठाली सर्वेक्षणं चालू असताना तो मिळाला एका गच्चीवर. पहिल्या काही तासांतला प्रकाश सांगतो, की फुटण्याआधी तारा केवढा होता, त्याच्याभोवती कसला वायू होता. दोन दिवस उशीर झाला की हे पुसलं जातं आणि पुन्हा कधी वाचता येत नाही. बुसोंच्या फोटोंमुळे ला प्लाता इथल्या खगोलतज्ज्ञांना ते वाचता आलं.

शेतावरून परतल्यावर एका संकेतस्थळावर मी स्वतः संध्याकाळी थोडं थोडं हे काम करू लागले. ‘सुपरनोव्हा हंटर्स’ हा उपक्रम कुणालाही खुला होता. हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने घेतलेल्या आकाशाचे तीन चौकोनी तुकडे समोर येतात. आजचा, जुना आणि दोघांची वजाबाकी. तिसऱ्यातला ठिपका खरा की खोटा, एवढंच सांगायचं. बहुतेक खोटेच. अर्धा पांढरा, अर्धा काळा ठिपका आला तर दोन फोटो एकमेकांवर नीट बसलेले नसतात. तेजस्वी ताऱ्याभोवती काटे उमटतात. उपग्रह तिरपी रेघ ओढून जातो. कुकर होईपर्यंत म्हणून बसायचे आणि शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या. हळूहळू डोळ्याला एक सवय लागली. खरा ठिपका गोल असतो, कडेला मऊ असतो, आणि वजाबाकीत एकटाच शांत बसलेला दिसतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या काळोख्या चौकोनांत इव्हान्स यांच्या अंगणातलं काहीतरी, अगदी थोडं का होईना, माझ्यापर्यंत पोचतंय असं वाटायचं.

आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बातमी वाचली. झ्विकी सर्वेक्षणातल्या एका संगणकी प्रणालीने एक अतिनवतारा स्वतः हेरला, रोबोटिक दुर्बिणीकडून त्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड, मागवला, तो १ए प्रकारचा आहे हे ठरवलं आणि जगाला कळवलं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत कुठेही माणूस नाही.

त्या रात्री मला फारसं काही सुचलं नाही.

खिन्न वाटलं हे खरं. पण मग बेरीज-वजाबाकी करू लागले. झ्विकींच्या काळात वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अतिनवतारे सापडत. आज दर वर्षी हजारो संभाव्य नोंदी होतात, आणि त्यांतल्या साधारण दहांतल्या एकाचाच वर्णपट घेता येतो, कारण वर्णपट घेणाऱ्या दुर्बिणी मोजक्याच. २०२५ च्या जूनमध्ये चिलीतल्या सेरो पाचोनवरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं आली. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा. दक्षिणेचं आकाश दर काही रात्रींनी, सलग दहा वर्षं. पूर्ण जोमाने चालली की आकाशात काहीतरी बदलल्याच्या एका रात्रीत एक कोटीपर्यंत सूचना. यात माणसाने प्रत्येक ठिपका पाहावा हा हट्ट धरणं म्हणजे ते सगळे न पाहताच जाऊ देणं. यंत्रांनी चाळायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. तरी एक रुखरुख राहते. या ठिपक्यांतला प्रत्येक अतिनवतारा म्हणजे एका ताऱ्याचा शेवट, कदाचित त्याच्याभोवतीच्या ग्रहांचाही. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला यादीतली एक ओळ येणार आणि ती कुणी उघडणार नाही. हे मला पटतं आणि आवडत नाही, दोन्ही एकाच वेळी.

आणि एक प्रसंग असा आहे, की जो या अवाढव्य कॅमेऱ्यांना झेपणारच नाही. आपल्याच आकाशगंगेतला किंवा अगदी शेजारचा तारा फुटला तर तो त्यांच्यासाठी इतका प्रखर असेल, की फोटोत निव्वळ पांढरा लोळ उमटेल. शेवटचा शेजारी फुटला तो २३ फेब्रुवारी १९८७ ला, मोठा मॅजेलॅनिक ढग म्हणतात त्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत. स्फोटातून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण आधी पोचले होते, जपानमधल्या कामिओकांडेच्या पाण्याच्या टाकीत त्यांची नोंदही झाली होती, पण ती नंतर उघडून पाहिली गेली. चिलीतल्या लास कंपानास वेधशाळेत दुर्बीण चालवणारे ऑस्कर दुहाल्दे रात्री कॉफीसाठी उठले तेव्हा बाहेर येऊन त्यांनी आकाशाकडे एक नजर टाकली. ढगात एक तारा जास्तीचा होता. त्यांना तो ढग पाठ होता म्हणून तो दिसला. परत येऊन कामाला लागले आणि सांगायचं राहून गेलं. पुढे तिथलेच निरीक्षक इयन शेल्टन आपली ताजी प्लेट पाहून धावत नियंत्रण कक्षात आले, तेव्हा दुहाल्दे म्हणाले, की हो, मीही पाहिला.

मला ही गोष्ट अतिशय आवडते, आणि तिच्यामुळेच २०१९-२० च्या हिवाळ्यातली एक गडबडही पुन्हा आठवली. मृगातली तांबूस काक्षी (बीटलज्यूस) ही तारका त्या वेळी मंदावत चालली होती. फेब्रुवारीत रोहिणीच तिच्यापेक्षा ठळक दिसू लागली, आणि हे पाहायला दुर्बीण काय, चष्म्याखेरीज काहीही लागत नव्हतं. काक्षी आता फुटणार, अशी चर्चा रंगली. पुढे निष्पन्न झालं, की तिने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती. ती फुटायला अजून लाखभर वर्षं लागतील, असा जाणकारांचा अंदाज आहे. तरी हिवाळा आला की मी गच्चीवर जाते आणि तिची रोहिणीशी, प्रश्वाशी तुलना करून वहीत लिहून ठेवते. अलीकडे सोसायटीतली पोरं-पोरीही येतात. प्रत्येकाने आपापलं लिहायचं, दुसऱ्याचं बघायचं नाही, असा नियम त्यांनीच केलाय. एकीची नोंद नेहमी माझ्याहून वेगळी असते. ती म्हणते, तुम्ही डोळे पुरते अंधाराला सरावायच्या आधीच लिहिता, आणि यावरून खाली उतरेपर्यंत जिन्यात आमचं भांडण चालतं.